मुद्दल आणि व्याज
(मठाच्या वर्धापन महोत्सवात दिलेले व्याख्यान)

भांडवलशाही आणि निसर्गरक्षण हा विषय मला नेमून देण्यात आला, तेव्हा महोत्सवाच्या मंगल प्रसंगी असला रुक्ष विषय कशाला, अशी शंका आपल्यापैकी काहींना आली असेल. प्रथमतः मलाही ती आली. परंतु विचारांती असे वाटू लागले की, या प्रश्नाचे मर्म समजून घेण्यास मठासारखे दुसरे स्थान नाही.

आपल्याकडे कायम पूजेसाठी रक्कम ठेवण्याची प्रथा आहे. विश्वस्त ती रक्कम सुरक्षित ठेवतात आणि तिच्या व्याजातून दरवर्षी त्या भक्ताच्या नावाने अभिषेक होतो. एखाद्या वर्षी समाराधना थाटाची व्हावी म्हणून विश्वस्तांनी मुद्दलालाच हात घातला, तर त्या वर्षीचा उत्सव खचित मोठा दिसेल. पण पुढील वर्षी नैवेद्य कोठून यावयाचा? आपला मठ इतक्या पिढ्या टिकून राहिला, याचे एक कारण हे की, येथील संपत्ती कोणी आपली मानली नाही. ती देवाची, आपण केवळ तिचे राखणदार, ही भावना येथे जागती राहिली.

भांडवलशाहीचे टीकाकार तिला लोभी म्हणतात. परंतु लोभ हा मनुष्याचा जुनाच विकार आहे. कोणत्याही एका अर्थव्यवस्थेने तो निर्माण केलेला नाही. माझ्या मते तिचा विशेष दोष वेगळा आहे. ती हिशेबात अत्यंत दक्ष असते. मात्र ज्या वस्तूला बाजारात भाव नाही, ती वस्तू तिच्या वहीत चढतच नाही. कारखान्यातील यंत्र झिजले, तर त्याचा घसारा दरसाल खर्ची पडतो. डोंगर झिजला, झरा आटला, तर ती नोंद कोणत्या पानावर होते? आणि ती होत नाही म्हणून मुद्दलाचा जो तुकडा मोडला, तोच नफा म्हणून मिरविला जातो.

ही गोष्ट आपल्या गोमंतकात प्रत्यक्ष घडलेली आहे. येथील लोहखनिजाची निर्यात १९४० नंतरच्या दशकात सुरू झाली. पुढे जपानकडून मोठी मागणी आली आणि या शतकाच्या आरंभी चीनकडून आली. भाव चढले, आणि २०१०-११ साली निर्यात ५ कोटी टनांच्या घरात गेली. ज्या प्रदेशाचे क्षेत्रफळ अवघे ३,७०२ चौरस किलोमीटर, त्या प्रदेशाने हा भार उचलला. एक टन खनिज काढावयाचे, तर साधारणपणे दोन-तीन टन माती-दगड उपसून बाजूला टाकावे लागतात. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत त्या मातीचे डंप उभे राहिले, आणि पावसाळ्यात ती माती ओहोळांवाटे शेतांत व नद्यांत उतरली. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की, खड्ड्यातील पाणी सतत उपसावे लागते आणि आसपासच्या विहिरी खालावतात.

आपण कुळागरांचे लोक आहोत. डोंगरावरील रान आणि जांभा दगड पावसाचे पाणी मुरवून धरतात, आणि उन्हाळ्यात तेच पाणी झऱ्यातून पाटाने पोफळी-माडांच्या मुळाशी पोचते. त्या डोंगराकडे खाणीचा धनी खनिजाचा साठा म्हणून पाहतो आणि कुळागराचा धनी पाण्याचा साठा म्हणून. दोघांचेही पाहणे खोटे नाही. परंतु खनिजाचे पैसे एकदाच येतात; झरा दरसाल येतो. वहीत मात्र पहिली रक्कम लक्षावधीने चढते आणि दुसरीच्या जागी शून्य असते.

येथे कोणी म्हणेल की, खाणी सरकारच्या हाती असत्या तर असे झाले नसते. शेजारच्या कर्नाटकात कुद्रेमुखची लोहखाण सरकारी कंपनीचीच होती. तिच्यापासून पश्चिम घाटातील अरण्यास आणि भद्रा नदीस पोचणारा उपद्रव थांबविण्यासाठीही सर्वोच्च न्यायालयासच आज्ञा द्यावी लागली, आणि २००५ च्या अखेरीस ती बंद झाली. सारांश, धनी बदलल्याने वही बदलत नाही.

वही निराळी असू शकते, याचा दाखला आपल्या पूर्वजांच्या गावकरीत आहे. गावची शेते गावसंस्थेकडे असत. उत्पन्नातून आधी देवकार्य, बांधांची डागडुजी आणि राज्याची पट्टी असा समाईक खर्च भागवावयाचा, आणि उरले ते गावकऱ्यांनी वाटून घ्यावयाचे. खाजन जमिनीचा बांध फुटला तर खारे पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरते, हे त्यांस ठाऊक होते. म्हणून बांध आधी आणि नफा नंतर. त्या व्यवस्थेत उच्चनीचता होती, सर्वांस वाटा नव्हता, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तथापि खर्चाचा तो क्रम शहाणपणाचा होता. देवराईचाही न्याय तोच. सत्तरीतील निरंकाराच्या राईत रानजायफळाच्या जातीचे, दलदलीत वाढणारे दुर्मिळ वृक्ष आजवर राहिले, ते देवाच्या वस्तूला हात लावू नये या एका मर्यादेमुळे.

हीच मर्यादा पुढे न्यायालयास आपल्या भाषेत सांगावी लागली. न्यायमूर्ती शाह आयोगाच्या अहवालानंतर २०१२ साली खाणी थांबल्या. २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वार्षिक उत्खननास २ कोटी टनांची तूर्त मर्यादा घातली, आणि खनिजविक्रीच्या रकमेचा १० टक्के भाग भावी पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवावा असा आदेश दिला. कायम निधी! भक्तजनहो, हा शब्द आपणांस किती परिचयाचा आहे!

परंतु दोष दुसऱ्याच्या पदरी टाकून आपणांस मोकळे होता येणार नाही. ट्रक, बार्ज, दुकान, नोकरी, अशा कोणत्या ना कोणत्या वाटेने तो पैसा आपल्या घरांत आला. देवस्थानांच्या देणगी-वह्यांतही तो आला असेल. २०१२ आणि २०१८ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते त्यांच्या चुली अडचणीत आल्या. त्यांच्या दुःखाची नोंद न घेणारे निसर्गरक्षण हेही अपुऱ्या हिशेबाचेच होय. २०२२ पासून खनिजपट्ट्यांचे लिलाव होऊ लागले आहेत आणि काही ठिकाणी काम पुन्हा सुरू झाले आहे. तेव्हा हा प्रश्न मागील पिढीचा नव्हे, तुमचा-आमचा आहे.

मठाने कोणाची देणगी घ्यावी वा न घ्यावी, हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. मी एकच नम्र विनंती करतो. दरसाल या वर्धापनदिनी जमाखर्च वाचून दाखविला जातो. त्याच वेळी विहिरीची उन्हाळ्यातील पातळी, झऱ्याची धार आणि आवारातील वृक्षांची संख्याही सर्वांसमक्ष वाचली जावी. तसेच डोंगराच्या मिळकतीवर ज्याचे घर उभे राहिले, त्याने कायम पूजेप्रमाणे एखाद्या झऱ्याच्या वरच्या रानाची राखण आपल्या नावे लावून घ्यावी. रोकड शिल्लक वाढली आणि विहीर खालावली, तर त्या वर्षी आपणांस नफा झाला नाही, हे आपल्या मुलांनासुद्धा समजेल.

ती वही उघडण्याची सुबुद्धी आम्हां सर्वांस व्हावी, अशी श्रींच्या चरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.