ताप आला तर थांबू नका



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे खर्रा घरोघरी आहे. तंबाखू, सुपारी, चुना घोटून गालात धरायचा. त्यातूनच पुढे कित्येकांना तोंडाचा कर्करोग होतो. मग नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालयाची नाहीतर मुंबईच्या टाटा रुग्णालयाची वाट धरावी लागते.

तिथे सलाईनमधून औषध देतात. ते रोगाला मारते. पण त्यानं रक्तातल्या पांढऱ्या पेशीही कमी होतात. या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. राखणदार नसला की शेतात रानडुकरे शिरतात ना? तसेच अंगात जंतू शिरतात. औषध दिल्यापासून साधारण ७ ते १४ दिवसांचा काळ जास्त जपण्याचा.

मग काय करावं? रोग्याच्या खाटेभोवती सारा गाव बसू नये. एकानेच जवळ थांबावे. साबणाने हात धुवावेत. सर्दी-खोकला असलेल्याने भेटायला जाऊ नये. रोग्याला उकळून गार केलेले पाणी आणि ताजे, शिजवलेले अन्न द्यावे.

घरी आल्यावर ताप १००.४ झाला किंवा हुडहुडी भरली, तर सकाळची वाट पाहू नका. गोळी देऊन ताप दाबू नका. अंगाऱ्यावर भागवू नका. रात्र असली तरी दवाखाना गाठा. तिथे आधी सांगा, "कर्करोगाचे औषध चालू आहे." उपचाराचा कागद दाखवा. शेवटचे औषध कधी दिले, ती तारीख त्यावर असते.

आता ती तुम्हाला वाचता येते. तीच वेळेवर दाखवा. माणूस वाचेल.