उद्योगांचे दातृत्व आणि तांड्यांचे आरोग्य

(पोहरादेवी येथे विश्वस्त मंडळाच्या वतीने केलेले भाषण)





दानाचा विचार करताना आम्हांला बंजारा समाजाची लदेणी आठवते. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून हे व्यापारी देशभर फिरत. ज्या वाटांवर व्यापार चाले, त्या वाटांवर त्यांनी विहिरी व तलाव खोदविले. ते पाणी बैलांना लागे, तसेच वाटेवरील गावांनाही मिळे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि लदेणी मागे पडली. त्यामागील नीती मात्र आजही मोलाची आहे.

उद्योगांचे दान आता कायद्याच्या चौकटीत आले आहे. कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ दि. १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. त्यानुसार ठरावीक आर्थिक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावयाची असते. आरोग्यसेवेचा त्यात समावेश आहे. मात्र कंपनीच्या कार्यक्षेत्रालगतच्या परिसरास प्राधान्य द्यावे, असेही हा कायदा सांगतो.

आमची अडचण येथेच आहे. वाशीम जिल्ह्याची २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांत निवड झाली. म्हणजे येथील गरज शासनाने मान्य केली. परंतु पोहरादेवीच्या आसपास मोठे कारखाने नाहीत. येथील माणसे मात्र उद्योगांपासून दूर नाहीत. कित्येक कुटुंबे दरवर्षी उसाच्या फडांवर आणि शहरांतील बांधकामांवर जातात. परतताना कोणी कंबरदुखी आणतो, कोणी धुळीने जडलेला खोकला, तर एखादी गरोदर माता रक्तक्षय घेऊन येते. नफा एका जिल्ह्यात राहतो आणि आजार दुसऱ्या जिल्ह्यात उतरतो.

मग कंपनीचा परिसर कोणता मानावा? ज्या तांड्यातून तिच्या कामावर माणसे येतात, तो तांडाही तिच्या परिसरातच आहे, असे आम्ही नम्रपणे मानतो. स्थानिक परिसराचे प्राधान्य मार्गदर्शक आहे, बंधनकारक नाही, असा खुलासा केंद्रीय मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये केलेला आहे. त्यामुळे पोहरादेवीपर्यंत येण्यास कायद्याची आडकाठी नाही.

आणखी एक विनंती. यंत्रसामग्री देणाऱ्यांचे आम्ही ऋणी आहोत. परंतु यंत्र चालविणारा तंत्रज्ञ, रात्रपाळीची परिचारिका आणि तांड्यावर जाणाऱ्या वाहनाचे इंधन यांवर नामफलक लावता येत नाही. म्हणून त्यांच्यासाठी दाता मिळणे कठीण जाते. प्रकल्प सुरू झालेल्या वर्षानंतर आणखी तीन वर्षांपर्यंत चालविण्याची मुभा नियमांत आहे. उद्योगांनी ती वापरून या नित्य खर्चाचा भार उचलावा.