तारणाची जिवंत आशा : आमिश व मेनोनाइट बांधवांविषयीं
(धर्मग्रामाच्या महोत्सवांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या व्याख्यानमालेंत आम्ही आपल्या देवळाचा इतिहास सांगूं अशी पुष्कळांची अपेक्षा असेल. तो इतिहास या स्मरणिकेंत इतरांनीं लिहिलाच आहे, व आमच्याहून चांगला लिहिला आहे. आम्हीं निवडलेला विषय दूरचा दिसतो, पण त्याचें कारण अगदीं जवळचें आहे. गेल्या कांहीं वर्षांत आपल्या पुष्कळ घरीं अनोळखी उपदेशक येतात आणि दारांत उभे राहूनच विचारतात, "तुमचें तारण झालें आहे काय?" आपलीं माणसें गोंधळतात. 'झालें' म्हणावें तर जीभ अडखळते. 'नाहीं' म्हणावें तर स्नानसंस्कार, मिस्सा, जपमाळ हें सारें व्यर्थ गेलें असें होतें. या प्रश्नाचा विचार करतां करतां आम्हांला ज्यांची आठवण झाली ते लोक आपल्या ख्रिस्तसभेचे नव्हेत. किंबहुना एके काळीं आपल्याच लोकांनीं त्यांना जिवंत जाळलें आहे.

अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना वगैरे राज्यांत राहणाऱ्या आमिश लोकांचीं चित्रें तरुण मंडळींनीं पाहिलीं असतील. काळी घोडागाडी, पुरुषांच्या डोक्यावर रुंद काठाची टोपी, दाढी आहे पण मिशी नाहीं, बायकांचे केस टोपडीखालीं झांकलेले. आपण हें पाहून हंसतों, किंवा 'साधी राहणी व उच्च विचारसरणी' असें म्हणून मान डोलावतों आणि पुढें जातों. दोन्ही प्रकारें त्यांच्यावर अन्याय होतो. हे जुन्या काळाचे हौशी लोक नव्हेत. तारणाविषयीं त्यांची जी श्रद्धा आहे तिचीच ही राहणी दुसरी बाजू आहे. आणि ती श्रद्धा कशांतून निघाली हें आधीं सांगितलें पाहिजे.

२१ जानेवारी १५२५ रोजीं स्वित्झर्लंडांतील झुरिक शहरीं फेलिक्स मान्झ याच्या घरीं थोडी मंडळी जमली. धर्मसुधारक झ्विंग्ली याचे हे अनुयायी. पण गुरु अर्ध्या वाटेवर थांबला असें त्यांना वाटूं लागलें होतें. त्या दिवशीं कॉनराड ग्रेबेल यानें जॉर्ज ब्लाउरॉक यास स्नानसंस्कार दिला. ब्लाउरॉक हा पूर्वीं कॅथॉलिक धर्मगुरु होता, म्हणजे बालपणीं त्याचा स्नानसंस्कार झालेलाच होता. परंतु या मंडळींचें म्हणणें असें कीं, जो स्वतः पश्चात्ताप करून ख्रिस्ताच्या मागें जाण्याचा निश्चय करतो त्यानेंच तो संस्कार घ्यावा. तान्ह्या बाळाला निश्चय कोठला? विरोधकांनीं त्यांना 'पुनःस्नानवादी' असें नांव ठेविलें. ५ जानेवारी १५२७ रोजीं झुरिकच्या प्रॉटेस्टंट सत्ताधाऱ्यांनीं मान्झ यास लिम्माट नदींत बुडवून मारलें. ज्याचा पाण्याचा आग्रह, त्याला पाण्याचीच शिक्षा!

तें प्रॉटेस्टंटांनीं केलें असें म्हणून आपल्याला सुटतां येत नाहीं. त्याच वर्षीं मे महिन्यांत मिखाएल साट्लर यास रोटेनबुर्ग येथें कॅथॉलिक सत्तेखालीं जीभ कापून जाळण्यांत आलें, व मागोमाग त्याच्या पत्नीला पाण्यांत बुडविण्यांत आलें. हा साट्लर पूर्वाश्रमींचा बेनेडिक्टाइन मठवासी. त्या वर्षीं फेब्रुवारींत श्लाइटहाइम येथें या पंथाचीं जीं सात कलमें मान्य झालीं तीं त्यानेंच लिहिलीं असें मानतात. तरवार धरूं नये, शपथ वाहूं नये, जगापासून वेगळें राहावें, हे त्यांतील कांहीं मुद्दे.

मेनो सिमन्स हा तर आपल्यासारखाच गांवचा धर्मगुरु. १५२४ सालीं त्याला गुरुदीक्षा मिळाली, व फ्रीझलंडांत पिंग्युम येथें आणि पुढें विटमार्सुम या आपल्या जन्मगांवीं त्यानें सेवा केली. १५३४-३५ सालीं म्युन्स्टर शहरांत पुनःस्नानवाद्यांच्या एका माथेफिरू गटानें तरवारीच्या जोरावर देवाचें राज्य आणूं पाहिलें व त्याचा शेवट रक्तपातांत झाला. मेनोनें १५३६ सालीं आपलें पद सोडलें, आणि या विखुरलेल्या व बदनाम झालेल्या लोकांना शांततेच्या वाटेवर आणण्यांत १५६१ पर्यंतचें आयुष्य लपतछपत घालविलें. त्याच्यावरून 'मेनोनाइट' हें नांव पडलें.

आतां डिर्क विलेम्स याची हकीकत थोडी सावकाश सांगतों. नेदरलंडांतील आस्पेरेन येथें तो कैदेंत होता. तेथें त्या वेळीं स्पेनच्या राजाचा, म्हणजे कॅथॉलिक राजाचा अंमल होता. डिर्क कैदेंतून निसटला. थंडीनें पाणी गोठलें होतें, व कैदेंतल्या अन्नावर काढलेला हा हडकुळा मनुष्य पातळ बर्फावरून पलीकडे गेला. मागून धांवणाऱ्या शिपायाच्या पायाखालीं मात्र बर्फ फुटला. शिपाई बुडूं लागला. डिर्क परत फिरला, त्यानें हात देऊन त्याला बाहेर काढलें, आणि तेथेंच तो पकडला गेला. १६ मे १५६९ रोजीं त्याला जाळलें. नेदरलंडांतील रक्तसाक्ष्यांचा मोठा ग्रंथ व्हान ब्राख्त यानें १६६० सालीं छापला, त्यांत ही हकीकत आहे. १६८५ च्या आवृत्तींत यान लाउकेन यानें तिचें चित्र काढलें. दोन हात पुढें केलेला, वांकलेला डिर्क! तो जाडजूड ग्रंथ आजहि आमिश घरांत ठेवलेला असतो, आणि मुलें तें चित्र पाहत वाढतात. आम्हांस वाटतें, त्यांचें तारणशास्त्र त्या एका चित्रांत आहे. स्वतः मरण्यास तयार असलेला मनुष्य शत्रूला पश्चात्तापाशिवाय मरूं देत नाहीं.

१६९३ सालीं याच लोकांत फूट पडली, व तिच्या मुळाशीं तारणाचाहि प्रश्न होता. स्वित्झर्लंडांत कांहीं शेजारी असे होते कीं, ते पुनःस्नानवाद्यांना घरांत लपवीत, अन्न देत, पण स्वतः त्यांच्या पंथांत येत नसत. त्यांना 'खऱ्या मनाचे' म्हणत. अशा लोकांचें तारण होईल काय? याकोब आमान म्हणाला, होणार नाहीं. जो क्रूस उचलीत नाहीं त्याला शिष्य म्हणतां येत नाहीं. हान्स राइस्ट व इतर वडील मंडळी असा निवाडा करण्यास तयार नव्हती. जोडीला पायधुणीचा विधि व बहिष्कृतांशीं वागणूक हेहि वाद होते. आमानच्या बाजूचे ते आमिश. अठराव्या शतकांत ते पेन्सिल्व्हेनियांत जाऊं लागले. युरोपांतील त्यांची शेवटची मंडळी १९३७ सालीं मेनोनाइटांत विलीन झाली. अमेरिकेंत मात्र १९०० च्या सुमारास जे पांच हजारांच्या आसपास होते ते आज ४ लाखांच्या वर आहेत.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. तारण केवळ देवाच्या कृपेनें, ख्रिस्ताच्या मरणामुळें, हें ते आपल्याइतकेंच मानतात. घोडागाडी हांकून स्वर्ग विकत घेतां येतो असें कोणीहि आमिश म्हणणार नाहीं. पण कृपा मिळाली म्हणजे चालणें आलें. आणि चालणें संपण्यापूर्वीं 'मी पोंचलों' असें म्हणणें त्यांना उद्धटपणा वाटतो. एखाद्यानें आपलें तारण निश्चित झालें आहे असें छातीठोकपणें सांगितलें तर जुन्या वळणाचे आमिश अवघडून जातात. आपल्याला तारणाची 'जिवंत आशा' आहे, एवढेंच ते म्हणतात. हे शब्द संत पेत्राच्या पहिल्या पत्राच्या आरंभींचे आहेत. अशी एक गोष्ट सांगतात कीं, तारण झालें काय असें विचारणाऱ्या उपदेशकाला एका आमिश म्हाताऱ्यानें उत्तर दिलें, "माझ्या शेजाऱ्यांना विचारा."

आतां १३ जानेवारी १५४७ रोजीं ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें काय ठरविलें तें पाहा. विशेष प्रकटीकरणावांचून, आपण शेवटपर्यंत टिकूं असें कोणीहि निःशंक खात्रीनें म्हणूं नये. परंतु प्रत्येकानें देवाच्या साहाय्यावर दृढ आशा मात्र ठेवावी. धर्मशिक्षणांत आपण आशेविरुद्धचीं दोन पापें शिकतों : निराशा व फाजील भरंवसा. ज्यांना आपल्या लोकांनीं जाळलें ते, आणि ट्रेंटला जमलेले आपले बिशप, या एका गोष्टींत इतके जवळ यावेत याचें आम्हांला फार नवल वाटतें. तेव्हां दारांतल्या पाहुण्यास सरळ सांगावें, "ख्रिस्तानें मला तारलें आहे, तो मला तारीत आहे, आणि तो मला शेवटपर्यंत नेईल अशी मला आशा आहे." यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

आशा ठेवणाऱ्यानें चालावें कसें, तें आमिश मंडळी एकत्र बसून ठरविते. प्रत्येक मंडळीचे नियम असतात, बहुतेक न लिहिलेले. वर्षांतून दोनदां प्रभुभोजनापूर्वीं त्यांची उजळणी होते; एकमत नसेल, भांडण मिटलें नसेल, तर प्रभुभोजनच लांबणीवर पडतें. (आपल्याकडे शेतीच्या बांधाचें भांडण तीन पिढ्या चालतें आणि दोन्ही पक्ष एकाच रांगेंत ख्रिस्तशरीर घेतात, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.) नवी वस्तु पापमय आहे काय, असें ते विचारीत नाहींत. ती आल्यावर मला शेजाऱ्याची गरज उरेल काय, असें विचारतात. टेलिफोन घरांत आला तर जेवतां जेवतां मनुष्य बाहेरच्याशीं बोलेल. म्हणून तो कित्येक ठिकाणीं रस्त्याकडेच्या लहान खोपटांत ठेवतात. विजेच्या तारा घराला जगाशीं बांधतात, म्हणून त्या नकोत. पण बॅटरी बहुधा चालते. मोटारींत बसायला हरकत नाहीं, मालकीची नको. आमचे कांहीं मित्र याला दांभिकपणा म्हणतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. वस्तूला हात लावण्याची भीति त्यांना नाहीं. वस्तूनें आपल्याला ताब्यांत घेण्याची आहे.

गांव करी तें राव न करी, ही म्हण त्यांना कोणीं शिकविली नाहीं; पण कोणाचें कोठार जळालें कीं शेंकडों माणसें जमतात व एकदोन दिवसांत नवा सांगाडा उभा राहतो. विमा ते सहसा उतरवीत नाहींत, रुग्णालयाचा खर्च मंडळी वांटून घेते. सरकारी वृद्धवेतनाच्या योजनेंतून त्यांना १९६५ सालीं सूट मिळाली. आणि आठव्या इयत्तेपुढें मुलांना शाळेंत पाठविण्याची सक्ति त्यांच्यावर करतां येणार नाहीं, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९७२ सालीं दिला. या शेवटच्या गोष्टीशीं मात्र आम्ही सहमत नाहीं. मुलीला डॉक्टर व्हावेंसें वाटलें तर तिनें काय करावें?

त्यांचे धर्मसेवक चिठ्ठी टाकून निवडले जातात. ज्यांचीं नांवें पुढें आलीं त्यांच्यापुढें गीतांचीं पुस्तकें मांडतात. एकांत चिठ्ठी असते. ज्याच्या हातीं ती येते तो जन्मभर, वेतनाशिवाय, शेती सांभाळून उपदेश करतो. मत्तथियाची निवड अशीच झाली होती. चिठ्ठी निघतांच त्याच्या घरचीं माणसें रडतात, कारण हें ओझें आहे, मान नव्हे. सेमिनरींत तत्त्वज्ञान व ईश्वरविज्ञान यांत इतकीं वर्षें घालविलेल्या आमच्यासारख्यांनीं येथें थोडें गप्प बसलेलें बरें.

या राहणीची कठोर बाजूहि आहे. स्नानसंस्कार प्रौढपणीं घेतात. त्यापूर्वीं सोडून गेलेल्या मुलाशीं नातें तुटत नाहीं. पण वचन देऊन तें मोडणाऱ्याला वाळीत टाकतात. त्याच्याबरोबर एका मेजावर जेवीत नाहींत, त्याच्या हातून कांहीं घेत नाहींत. तो परत यावा, त्याच्या आत्म्याचें तारण व्हावें, हाच हेतु, असें ते सांगतात. वाळीत टाकणें म्हणजे काय, हें महाराष्ट्रांत समजावून सांगावें लागत नाहीं. आपल्या राज्याला त्याविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला. हेतु कितीहि शुद्ध असो, आईनें लेकाला दुसऱ्या मेजावर वाढावें हें आम्हांला पटत नाहीं. बहुतेक मेनोनाइट मंडळ्यांनींहि ही चाल सोडून दिली आहे. ते आज मोटारी चालवितात, विद्यापीठांत शिकवितात, रुग्णालयें चालवितात. आपल्या शेजारच्या छत्तीसगडांत धमतरी येथें ते १८९९ सालीं दुष्काळाच्या दिवसांत आले. आज जगांतील या परंपरेचे बहुसंख्य लोक युरोप-अमेरिकेबाहेरचे आहेत.

२ ऑक्टोबर २००६ रोजीं पेन्सिल्व्हेनियांतील निकेल माइन्स येथील एकखोली शाळेंत एका बंदूकधाऱ्यानें दहा आमिश मुलींवर गोळ्या झाडल्या व स्वतः जीव दिला. पांच मुली मरण पावल्या. मारेकरी परका नव्हता; आमिश गोठ्यांतून दूध नेणारा गाडीवान होता. त्याच संध्याकाळीं कांहीं आमिश पुरुष त्याच्या पत्नीच्या भेटीस गेले. पुढें त्याच्या दफनाला कित्येक आमिश उभे होते, आणि मदतीचा पैसा आला त्यांतून त्या विधवेलाहि वांटा देण्यांत आला. जगानें विचारलें, एवढ्या लवकर क्षमा कशी? त्यांनीं प्रभूच्या प्रार्थनेकडे बोट दाखविलें : दुसऱ्यांना क्षमा केली नाहीं तर आपल्यालाहि मिळणार नाहीं. ती प्रार्थना आपण रोज म्हणतों. या लोकांनीं तिची अट खरी धरली, एवढाच फरक.

शेवटीं मतभेदाविषयीं. १९९८ ते २००३ या काळांत ख्रिस्ती ऐक्यासाठीं असलेलें पोपमहाशयांचें मंडळ व मेनोनाइट जागतिक परिषद यांच्यांत संवाद झाला. जुन्या छळाचा इतिहास दोघांनीं एकत्र बसून वाचला. परंतु बालकांच्या स्नानसंस्काराविषयीं दोघेहि आपापल्या जागीं राहिले. आमिश बिशप उमेदवाराच्या मस्तकावर पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नांवानें पाणी ओततो. असा मनुष्य उद्यां आपल्याकडे आला तर आपण त्याला पुन्हा स्नानसंस्कार देणार नाहीं. आपल्यापैकीं कोणी त्यांच्याकडे गेला तर मात्र त्याला तो घ्यावाच लागेल. त्यांच्या लेखीं आपल्या बालपणींचें तें पाणी स्नानसंस्कार नव्हेच. म्हणजे १६९३ सालचा तो 'खऱ्या मनाच्या' शेजाऱ्यांचा प्रश्न आज आपल्याविषयीं विचारतां येतो. आमिशांना तो विचारला तर बहुतेक जण म्हणतील कीं, तो निवाडा देवाचा आहे, आणि पुन्हा कामाला लागतील.