खेळाचा तास कापू नका



कार्यक्रमपत्रिकेवर अध्यक्षीय भाषण आणि भोजन यांच्यामध्ये रेघसुद्धा ओढलेली नाही. संयोजकांचा इशारा मला कळला. तेव्हा थेट विषयावर येतो.

1896 साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिगत छापली. मुलाचं नाव पर्सी. मुलगा हुशार, गणिताची आवड असलेला, पण वाचन काही केल्या जमेना. स्वतःचं नाव लिहितानासुद्धा त्यातली अक्षरं मागेपुढे व्हायची. त्याच्या मास्तरांचं मत असं होतं की, शिकवणं सगळं तोंडी असतं तर हा शाळेत सगळ्यांत हुशार ठरला असता. डिस्लेक्सियावरच्या जवळजवळ प्रत्येक व्याख्यानात पर्सी भेटतो. पण त्याच हकिगतीतली एक बारीकशी नोंद आपण गाळतो. डॉक्टरांनी लिहून ठेवलंय की, हा मुलगा खेळात चपळ आहे आणि बरोबरीच्या मुलांपेक्षा कशातही कमी नाही. सव्वाशे वर्षांनंतर आपल्या तपासणी अहवालांत बुद्ध्यंक असतो, वाचनाचा वेग असतो, लेखनातल्या चुकांची वर्गवारी असते. मुलगा मधल्या सुट्टीत कुणाबरोबर असतो, यासाठी मात्र रकाना नसतो. मला आज त्या रकान्याबद्दलच बोलायचंय.

आपल्या स्टाफरूममध्ये मुलांचे दोन ढीग असतात. एक 'स्कॉलर', दुसरा 'एलडी', म्हणजे अध्ययन अक्षम. दोन्हींत बसणारं मूल आपल्याला दिसतच नाही, आणि याचं कारण साधं आहे. बुद्धी अडचणीला सांभाळून घेते, अडचण बुद्धीला खाली ओढते, आणि प्रगतिपुस्तकात पंचावन्न टक्के पडतात. पंचावन्न टक्केवाल्याची काळजी कोण करतो? शेरा ठरलेला: 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.'

असा एक सहावीतला मुलगा मी जवळून पाहिलाय. सह्याद्रीच्या पलीकडे पाऊस का आटतो, हे तो हातवारे करून असं समजावायचा की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे यायची. पेपरात त्याने लिहिलं, 'पजन्यछाया'. लाल रेघ, अर्धा गुण. आता 'पर्जन्य' हा शब्द त्याच्या बाजूने बघा. तोंडात र आधी येतो, मग ज. कागदावर मात्र तो र ज-च्या डोक्यावर जाऊन बसतो. 'किती' वाचताना डोळ्याला आधी वेलांटी भेटते आणि मग क. उच्चार नेमका उलटा. एकटा र घ्या. 'कर्म', 'क्रम', 'राष्ट्र', 'वाऱ्यावर', चार ठिकाणी चार सोंगं. देवनागरी बोलू तशी लिहितात, म्हणून मराठी माध्यमाला हा प्रश्न नाही, असं अजूनही छातीठोकपणे सांगणारे लोक आहेत. त्यांनी एकदा या मुलाशेजारी बसून रफार द्यावा.

कायद्याच्या बाजूने आपण पुष्कळ पुढे आलो. महाराष्ट्राने 1996 मध्ये दहावी-बारावीच्या परीक्षेत अध्ययन अक्षम मुलांना सवलती दिल्या. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेची नोंद झाली. 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी पात्र परीक्षार्थींना तासामागे निदान वीस मिनिटं जादा दिली. यासाठी ज्या आईबापांनी आणि डॉक्टरांनी सरकारदरबारी चपला झिजवल्या, त्यांच्यापैकी काहीजण या सभागृहात आहेत. त्यांना माझा नमस्कार. पण ही सवलत पेपरापुरती. अक्षमतेचा दाखला दप्तरात ठेवता येतो. डबा खायला कुणाशेजारी बसायचं, ते त्यावर लिहिलेलं नसतं. उलट वर्गात कुजबुज सुरू होते, 'याला जास्त वेळ मिळतो, याचं काय कौतुक!' ही कुजबुज थांबवणं वर्गशिक्षकाचं काम आहे आणि त्यासाठी कुठल्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

स्टाफरूममधल्या त्या दोन ढिगांना एकत्र आणण्याचे प्रयत्न झालेच नाहीत, असं नाही. न्यूयॉर्कमध्ये 1936 साली लेटा हॉलिंगवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या पुढाकाराने स्पेयर स्कूल सुरू झालं. त्यात अतिशय बुद्धिमान मुलांचे दोन वर्ग होते आणि सावकाश शिकणाऱ्या मुलांचे सात. त्या काळाच्या मानाने धाडसच. हॉलिंगवर्थबाईंच्या लक्षात आलं होतं की, फार उच्च बुद्ध्यंकाचं मूल बहुतेक वेळा खेळगड्यांवाचून राहतं. त्याला नियमांचे, डावपेचांचे खेळ हवे असतात, बरोबरीच्या मुलांना त्यात रस नसतो आणि मोठी मुलं त्याला घेत नाहीत. म्हणजे अति हुशार मूल आणि वाचता न येणारं मूल, दोघंही मैदानाच्या एकाच कडेला उभी! एकमेकांच्या इतकी जवळ असून त्यांची गाठ मात्र पडत नाही. स्पेयरमध्ये छप्पर एक होतं, पण वर्ग वेगळे होते. प्रयोग पाच वर्षांत संपला. बाई तर त्याआधीच, 1939 मध्ये गेल्या.

आपल्याकडे पुण्यात आप्पा पेंडशांनी 1962 मध्ये ज्ञान प्रबोधिनी काढली आणि 1969 मध्ये प्रज्ञावान मुलांसाठी प्रशाला सुरू केली. बुद्धीच्या चाचण्या घेऊन मुलं निवडायची, याबद्दल मतभेद असू शकतात, माझे आहेत. निवड झाली की न निवडलेलेही असतात, आणि दहा वर्षांच्या पोराला ते फार लवकर कळतं. प्रबोधिनी अध्ययन अक्षम मुलांसाठी निघालेली नव्हती, हेही खरं. पण एक गोष्ट आप्पांनी नेमकी ओळखली होती. हुशार मुलाला नुसतं पुस्तक देऊन भागत नाही, त्याला दल लागतं. म्हणून मैदान आलं, खेड्यांचे दौरे आले, बरची-नृत्य आलं, ढोल-ताशाचं पथक आलं.

पथकाचा सराव ज्यांनी पाहिलाय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. ताशा इशारा देतो, ढोल उचलतात. सगळं कानाने आणि हाताने शिकायचं. पहिल्या आठवड्यात टिपरू धरून बोटांना फोड येतात, ते वर्गात पहिल्या आलेल्यालाही येतात. कुणी चुकला तर शेजारचा डोळ्याने खुणावतो. ढोलाच्या दोऱ्या ताणायला दोघं लागतात. तिथे ऱ्हस्व-दीर्घ कुणी विचारत नाही. विसर्जनाच्या दिवशी ओळीतला एकजण आला नाही, तर ती मोकळी जागा रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिसते. माझ्या लेखी शाळेतलं सहजीवन ते हेच. आपण गैरहजर राहिलो तर कुणाचं तरी अडेल, एवढी खात्री मुलाला हवी.

आता ही खात्री आपण रोज कशी काढून घेतो ते सांगतो. अध्ययन अक्षम मुलांसाठी आपण रिसोर्स रूम काढली, विशेष शिक्षक नेमले. उत्तम झालं. मग प्रश्न आला, मुलाला वर्गातून न्यायचं कधी? गणिताचा तास सोडता येत नाही, विज्ञानाचा नाही, इंग्रजीचा तर नाहीच. उरले कोण? खेळ, चित्रकला, कार्यानुभव. मघाच्या त्या सहावीतल्या मुलाचं हेच झालं. खो-खोत तो पाठलागाला पटाईत होता, वर्गाच्या संघाच्या नऊजणांत होता. मंगळवार-शुक्रवार खेळाच्या तासाला त्याला जोडाक्षरं गिरवायला नेऊ लागले. दोन आठवडे संघाने वाट पाहिली, तिसऱ्या आठवड्यात त्याच्या चौकात दुसरा बसला. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. मुलं व्यवहारी असतात, संघाला नववा गडी लागतोच. रफार त्याला पुढे बऱ्यापैकी जमला. चौक परत मिळाला नाही.

स्कॉलरशिप आणि ऑलिंपियाडच्या जादा तासांचीही हीच गत. हुशार मुलालाही आपण मैदानातूनच उचलतो. म्हणजे दोन्ही टोकांच्या मुलांचे एकत्र येण्याचे जे थोडे तास वेळापत्रकात आहेत, तेच कापून आपण त्यांचं भलं करायला निघालोय. याला मी अडाणीपणा म्हणतो, आणि त्यात आपण सगळे सामील आहोत.

मग वेळ आणायचा कुठून? मुख्याध्यापक विचारणारच, आणि ते चूक नाही. माझं उत्तर असं. फळ्यावरची प्रश्नोत्तरं वहीत उतरवून घेण्यात प्रत्येक वर्गाचा आठवड्याकाठी किती वेळ जातो, तो घड्याळ लावून बघा. त्या वेळात अध्ययन अक्षम मुलाच्या पदरात काहीच पडत नसतं; तो फक्त मागे पडत असतो. त्याला तेव्हा न्या. उतारा मित्राच्या वहीतून झेरॉक्स करून द्या. स्कॉलरशिपवाल्यालाही तेव्हाच न्या, त्याने ती उत्तरं केव्हाच पाठ केलेली असतात. शक्य झालं तर दोघांना एका टेबलाशी बसवा. एकाने वाचून दाखवायचं, दुसऱ्याने तोंडी उत्तर सांगायचं. कुणी कुणाला शिकवतंय असा आव मात्र आणू नका, मुलांना तो लगेच कळतो.

म्हणून अध्यक्ष या नात्याने मी एकच ठराव मांडतो. येत्या जूनमध्ये वेळापत्रक लावताना खेळ, चित्रकला, संगीत आणि कार्यानुभव यांच्या तासांतून कोणत्याही मुलाला जादा शिकवणीसाठी काढू नये. आणि अध्ययन अक्षमतेच्या प्रत्येक शालेय अहवालात, मूल कुणाबरोबर खेळतं आणि कशात तरबेज आहे, याची नोंद वर्गशिक्षकाने स्वतःच्या हाताने करावी. ठरावाला पैसा लागत नाही, वरून परवानगी लागत नाही. आपापल्या शाळेत जाऊन तो अमलात आणाल, या बोलीवर हात वर करून अनुमोदन द्यावं, ही विनंती.