रात्रपाळीच्या शहरात आपले स्वागत



स्वागत समितीच्या वतीने आपल्या सर्वांचे रायपुरात मनःपूर्वक स्वागत. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या भागात मराठी घरे रुजली आहेत, तेव्हा झोपेच्या विकारांवर मराठीतून बोलायला इथे कुणाला परके वाटणार नाही.

परिषदेसाठी हा विषय आम्ही आग्रहाने मागून घेतला. सिलतरा, उरला, भिलाई इथल्या भट्ट्या रात्रीही धगधगत असतात. सकाळी पाळी सुटलेला कामगार खिडक्या लावून आडवा होतो, तोच बाहेर भाजीवाल्याची हाक आणि घरात कुकरची शिट्टी. झोप पुरी होत नाही, ही तक्रार इथल्या डॉक्टरांना नवी नाही.

अशी मोडलेली झोप शरीराचे काय करते, हे माणसावर शेवटपर्यंत ताणून पाहता येत नाही, पाहूही नये. म्हणून शास्त्रज्ञ प्राण्यांकडे वळले. शिकागोत अॅलन रेक्टशाफेन यांनी १९८० च्या दशकात उथळ पाण्यावर आडवी तबकडी बसवली आणि तिच्या दोन भागांत दोन उंदीर ठेवले. पहिल्याला झोप लागतेय असे मेंदूच्या आलेखावर दिसले की तबकडी फिरे. पाण्यात पडायचे नसेल तर दोघांनाही चालणे भाग. दुसऱ्याला मात्र पहिला जागा असेपर्यंत झोप काढता येई. पहिला जास्त खाऊनही वाळत गेला, त्याच्या शरीराचे तापमान उतरले आणि काही आठवड्यांत तो मेला. मला या प्रयोगात दुसरा उंदीर फार मोलाचा वाटतो. तो नसता तर सगळा दोष चालण्याच्या श्रमावर गेला असता.

तरीही उंदीर म्हणजे आमचा कामगार नव्हे. उंदीर मुळातच दिवसा झोपतो, तेही तुकड्यातुकड्यांनी. त्याच्यावरचा निष्कर्ष माणसाला लावताना हात थोडा आखडता घ्यावा, ही माझी तरुण संशोधकांना कळकळीची विनंती. नेमका प्रश्न विचारला तर प्राणी किती देतात, हे स्टॅनफर्डच्या कुत्र्यांनी दाखवले. खेळताखेळता अचानक गळून पडणाऱ्या डॉबरमनमध्ये १९९९ साली ओरेक्सिन या मेंदूला जागे ठेवणाऱ्या रसायनाच्या ग्राहीचा बिघडलेला जनुक सापडला. पुढे अशाच आजाराच्या माणसांच्या मेंदूत ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशीच नाहीशा झालेल्या आढळल्या. ओरेक्सिन रोखणारी झोपेची गोळी अमेरिकेत २०१४ साली मंजूर झाली, ती याच ज्ञानाच्या वाटेवर.

प्राण्यांवरच्या अशा अभ्यासातला छत्तीसगडचा वाटाही इथे अभिमानाने सांगतो. बस्तरमधल्या कोटुमसर गुहेत, जिथे सूर्यप्रकाश कधीच पोचत नाही, एक छोटा मासा राहतो. पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहून त्याचे डोळे आणि रंग दोन्ही खंगले आहेत. आमच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठाशी जोडलेले जयंत बिस्वास, अतनुकुमार पती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा मासा हवा घ्यायला पृष्ठभागावर कधी येतो, याच्या नोंदी ठेवून त्याच्या दैनंदिन लयीचा माग काढला. मेक्सिकोतले गुहावासी मासे त्यांच्या उजेडातल्या भाईबंदांपेक्षा फारच कमी झोपतात, हे २०११ मध्ये पुढे आले. मग आमचा कोटुमसरचा मासा झोपतो किती, आणि कधी? हा प्रश्न इथे जमलेल्या कुणीतरी हाती घ्यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मात्र गुहेतून एकेक मासा उचलताना तिथली संख्या आधी मोजा. प्रयोगासाठी ती वस्ती उजाड होता कामा नये.

निवास, भोजन किंवा प्रवासाची काहीही अडचण आली तर आमच्या कार्यकर्त्यांना हक्काने सांगा. अध्यक्ष महोदयांनी आता परिषदेची सूत्रे स्वीकारावीत, अशी विनंती करतो.