इस्पितळांतील लेकरूं आणि घरांतील माणसें
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या कुटुंब-मेळाव्यांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या उत्सवांत देवालयाच्या बांधणीविषयीं व पूर्वींच्या धर्मगुरूंविषयीं बोलण्याचा प्रघात आहे, आणि तें सर्व यथास्थित झालें. आज मात्र आम्ही आपलें लक्ष एका घरगुती विषयाकडे वेधूं इच्छितों. ज्यांतील एखादें लेकरूं केव्हांतरी अकस्मात् इस्पितळांत गेलें नाहीं, असें घर आपल्या धर्मग्रामांत विरळा. अशा वेळीं घरानें काय करावें व शेजाऱ्यांनीं काय करावें, हाच तो विषय होय.

आमच्या पाहण्यांतील एक हकीकत सांगतों; नांवगांव सांगण्याचें कारण नाहीं. तीन वर्षांचा मुलगा, भर पावसाळ्याचे दिवस. दोन दिवस ताप व खोकला होता. तिसऱ्या रात्रीं त्यास धाप लागली, श्वासागणिक बरगड्यांखालचा भाग आंत ओढला जाऊं लागला, व तो पाणीही घेईना. आईनें उजाडण्याची वाट पाहिली नाहीं. तो न्यूमोनिया होता, आणि वेळेवर नेल्यामुळें मूल वांचलें.

मातांनीं हें ध्यानांत ठेवावें. मूल शांत असतां श्वास पुरा एक मिनिट मोजावा. एक ते पांच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटास ४० किंवा त्याहून अधिक, आणि दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या तान्ह्याचा ५० किंवा त्याहून अधिक असेल, तर वैद्य तो न्यूमोनियाचा इशारा मानतात. बरगड्या आंत जात असल्या किंवा मूल पाणीही पीत नसलें, तर क्षणभरही थांबूं नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवितां येते.

इस्पितळांत ती आई सहा दिवस खाटेपाशीं बसून राहिली. ही आपली जुनी रीत कोणास अडाणी वाटेल, परंतु ती तशी नव्हे. विलायतेंतील इस्पितळांत एके काळीं आईबापांस ठराविक वेळींच मुलास भेटूं देत. मूल आधीं रडे, मग गप्प होई, आणि तें रुळलें असें लोक समजत. १९५२ सालीं जेम्स रॉबर्टसन यांनीं एका दोन वर्षांच्या मुलीचे इस्पितळांतील दिवस चित्रपटांत टिपले, आणि तें गप्प होणें समाधानाचें नसून दुःखाचें असतें हें दाखवून दिलें. पुढें १९५९ सालीं तेथील प्लॅट समितीनें आईबापांस भेटीची मोकळीक असावी व लहानग्यांच्या आयांस सोबत राहूं द्यावें, अशी शिफारस केली.

त्या आईनें आणखी एक शहाणपण केलें. सुई दुखणार नाहीं, असें ती एकदांही खोटें बोलली नाहीं. ती म्हणे, “थोडें दुखेल, बाळा, मी तुझा हात धरून आहें.” जें मूल एकदां फसतें, तें दुसऱ्या वेळीं आईवरही विश्वास ठेवीत नाहीं. म्हणून धडधाकट मुलांसही “डॉक्टरकडून सुई टोंचवीन” असा धाक कधीं घालूं नये.

परंतु या हकीकतींतील दुसरें दुखणें घरींच होतें, व तें कोणाच्या ध्यानीं आलें नव्हतें. मुलाची सात वर्षांची बहीण आजीपाशीं राहिली होती. चौथ्या दिवशीं आम्ही त्या घरीं गेलों, तेव्हां आजी म्हणाली कीं, पोर दोन दिवस धड जेवली नाहीं. सायंकाळीं बाप आला. त्यानें तिला मांडीवर घेतलें, तशी ती हळूच म्हणाली, “पपा, मीं त्याला पागोळ्यांखालीं नेलें म्हणून तो मरणार का?” त्या घाबऱ्या रात्रीं आजीच्या तोंडून सहज निघालें होतें, “पावसांत कोणीं नेलें होतें याला?” तेवढा एक शब्द त्या पोरीच्या जिवाला लागला होता.

बापानें तिला शांतपणें सांगितलें कीं, हा रोग जंतूंमुळें होतो. त्यांत तुझा कांहीं दोष नाहीं. आजीनेंही तिला जवळ घेतलें. दुसऱ्या दिवशीं त्यानें तिला इस्पितळांत नेलें. भावाला बसलेला पाहिल्यावरच ती जेवली. आजारपणांत दोष कोणाचा, हा शोध सुनेवर, सासूवर, शेवटीं बोलतां न येणाऱ्या लेकरावर जाऊन थांबतो. तो शोध आपण करूं नये.

याईराच्या मुलीची कथा आपण सर्व जाणतां. प्रभूनें गलबला करणाऱ्या गर्दीला बाहेर काढलें, आईबापांस मात्र आंत नेलें, आणि मुलगी उठल्यावर तिला खावयास द्या असें सांगितलें. भेटीस जाणारांनीं हा क्रम मनांत ठेवावा. एक-दोघांनींच जावें, खोकला असणाऱ्यानें जाऊं नये, आणि दगावलेल्या मुलांच्या गोष्टी तेथें काढूं नयेत. खरी मदत निराळीच असते. या घरच्या बापाची भाजी शेजाऱ्यानें सहा दिवस पहाटेच्या गाडीनें मुंबईस नेली व पैसे आणून हातीं दिले. मावशीनें डबा पोंचविला. खर्चाची चिंता असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंतील इस्पितळांत आरोग्यमित्र असतो. शिधापत्रिका घेऊन त्यास पहिल्याच दिवशीं भेटावें.

मूल घरीं आल्यावर कांहीं दिवस आईस चिकटून राहतें, रात्रीं दचकतें, अंथरूण ओलें करतें. त्यास रागावूं नये; धीर मिळाला म्हणजे तें पूर्वपदावर येतें. तसेंच लस चुकवूं नये. न्यूमोनियाच्या एका मोठ्या कारणावरील न्यूमोकोकल लस सरकारनें २०१७ सालापासून टप्प्याटप्प्यानें व २०२१ सालीं देशभर बालकांच्या लसीकरणांत घेतली आहे.

शेवटीं एकच विनंती. घरीं जाण्यापूर्वीं प्रत्येक वाडीनें ठरवावें कीं, रात्रीं अपरात्रीं हांक आली तर कोण धांवेल, डबा कोण देईल, आणि मागें राहिलेल्या मुलांस कोण जवळ घेईल. तीं नांवें आज सायंकाळपर्यंत आमच्याकडे यावींत. प्रभु आपल्या सर्व लेकरांचें रक्षण करो.