मग पुढे त्याचं काय झालं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषयही सुचवला होता. "तू अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये आहेस, एआयवर बोल. पंधरा मिनिटं." मी म्हटलं, एआयवर हल्ली घरोघरी भाषणं चालू आहेत, मी माशांवर बोलते. फोनवर जरा वेळ शांतता. मग प्रश्न आला, "खायच्या की पाळायच्या?" मी म्हटलं, "मरणाऱ्या." तरीही त्यांनी माझं नाव कार्यक्रमपत्रिकेतून काढलं नाही, याबद्दल आधी त्यांचे आभार मानते.

आपल्या विज्ञानाच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांची एक सवय तुम्हाला आठवत असेल. आपण घडाघडा उत्तर म्हणून दाखवायचो आणि 'शाबास'ची वाट बघायचो. बाई विचारायच्या, "बरं, मग पुढे त्याचं काय झालं?" लोखंड गंजतं. बरं, मग त्या गंजाचं पुढे काय झालं? साबणाने कपडे निघाले. मग त्या साबणाचं काय झालं? आपण खाली मान घालून उभे. आज मी जी गोष्ट सांगणार आहे, ती बाईंच्या त्या प्रश्नाचीच आहे.

आणखी एक आठवण काढते. एस.टी. स्टँडसमोरच्या पंक्चरवाल्याकडून आपण जुने टायर मागून आणायचो आणि काठीने पळवत शाळेच्या उतारावरून ओढ्यापर्यंत शर्यत लावायचो. ते टायर अगदी गुळगुळीत झालेले असायचे. नवीन टायरवर केवढी खोल नक्षी असते! ती झिजून गेली कुठे, हा प्रश्न तेव्हा आपल्यापैकी कोणालाच पडला नाही. मला तो पडला चाळिशी ओलांडल्यावर, आणि तोही सात समुद्रापलीकडे.

मी सिएटल परिसरात राहते. तिथे आपली मराठी माणसं पुष्कळ आहेत, बरीचशी माझ्यासारखीच कीबोर्ड बडवणारी. पाऊसही पुष्कळ, पण आपल्यासारखा कोसळणारा नाही, दिवसेंदिवस रिपरिपणारा. शहराच्या पश्चिम भागात लाँगफेलो क्रीक नावाचा ओढा आहे, दोन्ही बाजूंना वस्ती आणि रस्ते. शरद ऋतूत या ओढ्यात समुद्रातून कोहो जातीचे सॅमन मासे चढून येतात.

कोहोचं आयुष्य साधारण तीन वर्षांचं. गोड्या पाण्याच्या ओढ्यात जन्म, वर्षभर तिथेच वाढ, मग समुद्रात. पूर्ण वाढ झाली की तो आपल्या जन्माच्या ओढ्याकडे परततो, प्रवाहाच्या उलट पोहत वर चढतो. मादी खड्यांमध्ये खळगा करून अंडी घालते, आणि मग नर-मादी दोघंही मरतात. म्हणजे ओढ्यात मेलेला कोहो दिसणं ही बातमी नाही. बातमी आहे ती अंडी घालण्याआधीच मेलेल्या कोहोची.

काही वर्षांपूर्वी ऑफिसमधल्या एका मैत्रिणीबरोबर मी स्वयंसेवक म्हणून या ओढ्यावर मासे मोजायला गेले. आदल्या रात्री पाऊस झाला होता. पाण्यात एक मोठी मादी दिसली. ती वर चढत नव्हती, पृष्ठभागावरच गोल गोल फिरत होती. तोंड उघडं, पर ताठ पसरलेले, मधेच एका कुशीवर कलंडायची, पुन्हा सावरायची. तासाभरात संपली. गटातल्या अनुभवी बाईंनी नोंदीसाठी तिचं पोट उघडलं. आत अंडी ठासून भरलेली होती, नारिंगी, मोत्यांसारखी. एकही बाहेर पडलेलं नव्हतं. माझ्या हातात तक्ता होता, त्यात मी लिहिलं: मादी, अंडी न घालता मृत. हजारो किलोमीटर समुद्र पोहून आलेली ती, घराच्या दारात गेली. वर रस्त्यावर आमची गाडी उभी होती. तिच्या मृत्यूशी त्या गाडीचा संबंध आहे, हे मला घरी परतताना मैत्रिणीने सांगितलं.

हा प्रकार नवा नव्हता. १९९०च्या दशकात तिथल्या लोकांनी खर्च करून, कष्ट घेऊन शहरातले ओढे साफ केले, काठावर झाडं लावली. सॅमन परत आले, सगळ्यांना आनंद झाला. आणि मग दिसलं, की पाऊस पडला की कोहो असे भोवंडून मरतात. काही ओढ्यांत तर एखाद्या हंगामात आलेल्यांपैकी बहुतेक सगळे.

शास्त्रज्ञ कामाला लागले. रोग आहे का? नाही. पाण्यात प्राणवायू कमी? नाही. तापमान? नाही. कीटकनाशकं? तीही नाहीत. गाड्यांमधून येणारे धातू आणि तेलाचे घटक मिसळून कृत्रिम पाणी तयार केलं, त्यात कोहो सोडले. मासे मजेत. पण महामार्गावरून वाहून आलेलं खरं पाणी घेतलं, की चोवीस तासांच्या आत सगळे खलास. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात आणखी एक गोष्ट कळली, ती लक्षात ठेवा, शेवटी मला लागणार आहे. तेच विषारी पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून घेतलं, तर मासे जगले.

आमच्या धंद्यात एखादा बग सापडत नसेल तर आम्ही काय करतो? कोडचे दोन भाग करतो. गडबड कोणत्या भागात आहे बघतो, उरलेला बाजूला ठेवतो, पुन्हा दोन भाग करतो. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या टकोमा इथले एडवर्ड कोलोझिएज, त्यांचे सहकारी झेन्यू तियान आणि वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या जेनिफर मॅकिंटायर यांच्या गटाने हेच केलं, फक्त रसायनांवर. टायरचा कीस पाण्यात भिजवला. ते पाणी कोहोंना मारतं, हे ठरलं. पण त्यात दोन हजारांहून जास्त रसायनं! मग पाण्याचे भाग पाडले, प्रत्येक भागात मासे सोडले, ज्यात मेले तो भाग पुन्हा वाटला. असं करत करत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी रसायनं उरली, आणि त्यातलं एक मुख्य. कार्बनचे १८ अणू, हायड्रोजनचे २२, नायट्रोजनचे २, ऑक्सिजनचे २.

टायरमध्ये काय काय घालतात त्याच्या याद्या पाहिल्या. हे रसायन कुठेच नाही! इथे तियान यांना जे सुचलं ते ऐकून मला आपल्या बाईच आठवल्या. त्यांना वाटलं, हे टायरमध्ये घातलेलं नसेलच. घातलेल्या कशाचं तरी पुढे हे झालं असेल. म्हणून हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे आकडे बाजूला ठेवून त्यांनी १८ कार्बन आणि २ नायट्रोजनवालं रसायन शोधलं. ते सापडलं. त्याचं नाव सिक्स-पीपीडी.

सिक्स-पीपीडी म्हणजे कोणी खलनायक नाही. हवेतल्या ओझोनमुळे रबराला भेगा पडतात, टायर फुटू शकतो, माणसं मरू शकतात. म्हणून गेली कित्येक दशकं जगभर टायरमध्ये एक-दोन टक्क्यांच्या आसपास सिक्स-पीपीडी घालतात. ते हळूहळू रबराच्या पृष्ठभागावर येतं आणि ओझोन रबराला खाण्याआधी स्वतःच ओझोनशी अभिक्रिया करतं. काम चोख. फक्त त्या अभिक्रियेनंतर जे पदार्थ उरतात, त्यातला एक म्हणजे सिक्स-पीपीडी-क्विनोन. टायर झिजतो, त्याची बारीक भुकटी रस्त्यावर पडते, पावसाबरोबर गटारात जाते. तिथल्या पुष्कळ भागांत पावसाचं पाणी शुद्धीकरण केंद्राकडे न जाता थेट ओढ्यात सोडतात. आपल्या टायरवरची नक्षी कुठे जाते, त्याचं हे उत्तर. २०२०च्या डिसेंबरमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झालं.

किती पुरतं? नंतर शुद्ध नमुना हाती आल्यावर, २०२२ साली सुधारित आकडा आला: एका लिटरमध्ये ९५ नॅनोग्रॅम असलं तर चोवीस तासांत निम्मे कोहो मरतात. आपल्या हिशोबात सांगते. दहा हजार लिटरचे एक हजार टँकर उभे करा आणि त्या सगळ्या पाण्यात मिळून एक ग्रॅम टाका. साधारण तेवढं. आणि एकदा लक्षणं दिसायला लागली, की मासा स्वच्छ पाण्यात सोडला तरी वाचत नाही.

आता यातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग. कोहोचाच जवळचा भाऊबंद, चम सॅमन, त्याच पाण्यात खुशाल राहतो. रेनबो ट्राउट मरतो, पण त्याला कोहोपेक्षा कितीतरी जास्त मात्रा लागते. रसायनांच्या चाचण्यांसाठी प्रयोगशाळेत नेहमी वापरतात ते झेब्राफिश, जे मूळचे आपल्याच उपखंडातले, मेडाका मासे आणि डॅफ्निया नावाचा पाण्यातला बारीक जीव, या तिघांना जपानमधल्या प्रयोगात काहीच झालं नाही. म्हणजे हे क्विनोन आधी कोणी नेहमीच्या चाचण्यांना बसवलं असतं, तर ते पास झालं असतं.

चाचण्या पास होण्याचा मला चांगला अनुभव आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. प्रत्येक कामानंतर तो एक छोटीशी तात्पुरती फाइल मागे ठेवायचा. सगळ्या चाचण्या पास, साहेबांनी पाठ थोपटली. सहा महिन्यांनी रात्री दोन वाजता डिस्क तुडुंब भरून सगळी यंत्रणा बंद पडली. चूक माझीच होती. प्रोग्रॅम काम करतो का, हे मी शंभरदा तपासलं होतं. त्या फाइलचं पुढे काय होतं, हे एकदाही नाही. माझं निस्तरायला एक रात्र पुरली. ओढ्यातल्या कोहोंना तशी सोय नव्हती.

मग उपाय काय? टायरमधून सिक्स-पीपीडी उद्या काढून टाकता येत नाही, कारण सुरक्षित टायर हवेतच. पर्याय शोधणं चालू आहे. कॅलिफोर्नियाने २०२३ साली नियम करून टायर उत्पादकांना पर्याय तपासणं भाग पाडलं. त्याच वर्षी युरोक, पोर्ट गॅम्बल स्क्लालम आणि प्युअ‍ॅलप या तीन आदिवासी जमातींनी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेकडे अर्ज केला आणि नोव्हेंबरमध्ये तो मान्य झाला. सॅमन हे त्यांचं अन्न आहे आणि सणही. त्यांच्यासाठी ही मासे मोजण्याची हौस नाही.

आणि दुसरा उपाय म्हणजे मघाची वाळू आणि कंपोस्ट. रस्त्याकडेला उथळ खळगा करायचा, त्यात माती, कंपोस्ट, झाडं. रस्त्यावरचं पाणी आधी त्यात जिरतं, मग ओढ्याकडे. असे वाफे आता सिएटलमध्ये जागोजागी दिसतात. आमच्या घरासमोरच्या वाफ्यात गेल्या वर्षी मी आणि माझ्या मुलीने मिळून रोपं लावली. गाडी मी अजून चालवते. ती मादी मात्र आठवते, विशेषतः पावसात.

आता आपल्या ओढ्याकडे येते. आपल्या ओढ्यात कोहो नाहीत, त्यामुळे तिथली गोष्ट इथे जशीच्या तशी लागू होत नाही, आणि मी तसं म्हणणारही नाही. पण टायर तेच आहेत, ओझोन तोच आहे, आणि मृगाच्या पहिल्या पावसात आपला उतार काळं पाणी कुठे नेतो, हे आपण टायर पळवलेल्या पायांना पक्कं ठाऊक आहे.

आपल्या बॅचने जमवलेल्या निधीतून शाळेच्या फाटकापासून ओढ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक घालून पार्किंग करायचं ठरलंय. माझा त्याला विरोध नाही. मघाशी गाडी लावायला जागा नाही म्हणून कुरकुरणाऱ्यांत मीही होते. फक्त एक विनंती आहे. ओढ्याच्या बाजूची आठ-दहा फुटांची पट्टी ब्लॉकशिवाय सोडा. तिथे जमीन थोडी खोलगट करून वाळू, शेणखत, माती घालू, कर्दळ आणि वाळा लावू. खर्च माझ्याकडे. खड्डे खणायला मी उद्या सकाळी सात वाजता फाटकाशी उभी आहे. घरून फावडी, घमेली घेऊन या. दहावीत तुम्ही श्रमदानाला दांडी मारली होतीत, त्याची भरपाई होईल.

आणि बाई, पट्टी तयार झाल्यावर तुम्ही विचारणार, हे मला माहीत आहे: गाळून अडकलेल्या त्या घाणीचं मग पुढे काय झालं? चांगला प्रश्न आहे. वरचा थर काही वर्षांनी काढून बदलावा लागेल, आणि काढलेला नीट टाकावा लागेल. ते काम दहावीच्या पुढच्या मुलांवर सोडावं म्हणते. त्यांना तुमचा प्रश्न विचारायला कोणीतरी शाळेत हवं.